शीलाच्या हातचा चष्मा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी डॉक्टर मंडळी लिहितात. कुणी ऑपरेशन थिएटरमधल्या रात्रींबद्दल, कुणी हाडांबद्दल, कुणी मेंदूबद्दल. वाचून ऊर भरून येतो आणि थोडं पोटातही दुखतं. यंदा संपादक बाईंचा मला फोन आला. "तुम्हीपण आय-केअरमध्येच होतात ना?" मी म्हटलं, होते, पण दाराच्या बाहेरच्या बाजूला. आत डोळे तपासायचे ते मिस्टर प्रिचर्ड. बाहेर लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचो त्या आम्ही दोघी, शीला आणि मी. लिहीन, पण हेव्याबद्दल लिहीन, चालेल का? बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

साउथहॅम्प्टनच्या एका हाय स्ट्रीटवर, बेकरी आणि चपलांच्या दुकानाच्या मधे, आमची छोटीशी प्रॅक्टिस होती. माझा नवरा अरविंद बंदरावर कंटेनरच्या ऑफिसात होता, मुलगा शाळेत जायला लागला होता, आणि मला घरात बसून कंटाळा आला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे ऑप्टिकल असिस्टंट म्हणून चिकटले ती चिकटलेच.

डोळे तपासून नंबर निघाला की लोकांना वाटतं झालं काम. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. नंबर कितीही बरोबर असो, काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर आला नाही तर डोकं दुखतं. चष्म्याची दांडी कान जिथे संपतो तिथेच वळली नाही तर चष्मा घसरतो. बरं, प्रत्येक माणसाचा एक कान दुसऱ्याहून वर असतो, स्वतःला फार देखणे समजणाऱ्यांचासुद्धा. आमच्या टेबलावर विजेवर तापणारं एक पसरट भांडं असे आणि त्यात काचेचे बारीक मणी. फुटाणेवाल्याची गरम वाळू असते ना, तसंच. त्या मण्यांत प्लॅस्टिकची दांडी खुपसायची, मऊ झाली की बाहेर काढून वाकवायची. कमी तापली तर वाकत नाही, जास्त तापली तर फ्रेमचे बारा वाजतात. हे पुस्तकात शिकता येत नाही, हाताला कळावं लागतं.

शीलाच्या हाताला ते कळायचं. उंच, हाडकुळी, पुढच्या दातांत फट असलेली बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. गिऱ्हाइकाच्या कानामागे एक बोट घालायची, त्याच्या मांजराची चौकशी करायची आणि बोलता बोलता दांडी वाकवून टाकायची. पहिल्याच खेपेला बसायचा चष्मा. मी तेच करायचे तर दोन-तीनदा तरी काढघाल व्हायची, आणि समोरचा माणूस नाक चोळत "नो, नो, इट्स फाइन" म्हणायचा. तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं. आवडलं मात्र कधीच नाही.

मिस्टर कॉब नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. जन्मभर बोटीवर स्टुअर्ड होते. ते आपल्या चष्म्यावर नेमाने बसायचे. चुकून नव्हे, माझी खात्री आहे, मुद्दाम. मग वाकडा चष्मा रुमालात गुंडाळून यायचे आणि दारातून विचारायचे, "शीला नाही आज?"

"जेवायला गेलीय. द्या, मी करून देते."

"आय'ल वेट, लव्ह."

आणि खरंच थांबायचे. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही दिसत नसे. मासिक उलटं धरून बसायचे, पण माझ्या हाती चष्मा द्यायचे नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा एक पोरगेला तरुण आला. बेसिंगस्टोकला कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीत इंटरव्ह्यू होता, आणि हुशार दिसण्यासाठी त्याला बिननंबरचा चष्मा हवा होता. मी अर्धा तास त्याच्यामागे घालवला. फ्रेमांची अख्खी भिंत त्याच्या तोंडावर लावून पाहिली आणि शेवटी एक काळी चौकोनी फ्रेम निवडून दिली. जाता जाता शीलानं फक्त एका बोटानं ती त्याच्या नाकावर जराशी वर सरकवली. नोकरी लागली. चॉकलेटचा डबा घेऊन आला तो थेट शीलाकडे गेला. तिनं उघडून पहिलं चॉकलेट मला दिलं, आणि मी ते खाल्लं. कॅरॅमलचं होतं, दाताला चिकटून बसलं.

यात अरविंदही आला. स्वतःची बायको या धंद्यात असताना हा माणूस चष्मा बसवून घ्यायला शीलापुढे बसायचा.

"अगं, तू नाक ओढतेस," तो म्हणायचा. "शी'ज जेंटल, यू नो."

"मग तिच्याकडेच जेवायला जा."

"तिला स्वयंपाक येत नाही ना," तो शांतपणे म्हणायचा. एवढ्यावर आमचा संसार टिकला.

हे सगळं मी गिळलं असतं. नोकरीत कुणीतरी आपल्यापेक्षा वरचढ असतंच. पण मग आई आली.

वडील गेल्यावर भावानं तिला हवापालट म्हणून साताऱ्याहून काही महिने माझ्याकडे पाठवलं. आई शाळेची मुख्याध्यापिका होती. बुटकी, गोल, पण चालायची हनुवटी वर करून. ती व्हरांड्यात आली की वर्ग आपोआप गप्प व्हायचे. तिच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली होती. ती पाहिली आणि माझ्या मनानं घेतलं, आईचा चष्मा मी करणार. वडिलांच्या आजारपणात मी नव्हते, अंत्यसंस्काराला पोचले नव्हते. आईसाठी माझ्या हातून काही झालं नव्हतं. आता जन्मभर तिच्या नाकावर माझ्या हातचा चष्मा असेल आणि सकाळी डोळे उघडल्यावर तो तिच्या हाताला लागेल, एवढंच मला हवं होतं. आणि यात शीलाचं बोटसुद्धा लागू द्यायचं नव्हतं.

मुद्दाम शीलाच्या सुट्टीचा दिवस धरला. प्रिचर्डसाहेबांनी डोळे तपासले, मी दुभाषी. बायफोकल लागणार होता, म्हणजे वर लांबचं, खाली वाचायचं, आणि मधे एक रेघ. ही रेघ कुठे यावी हे ठरवणं म्हणजे असिस्टंटची परीक्षा. खालच्या पापणीच्या पातळीला ती यायला हवी. माणूस समोर नीट बसवायचा, आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणायचे, आणि फ्रेमच्या काचेवर पेनानं खूण करायची. रेघ फार खाली गेली तर वाचताना मान मागे टाकावी लागते. फार वर आली तर चालताना डोळ्यांपुढे येते, आणि पायाखालची जमीन वाचायच्या काचेतून दिसते, म्हणजे पुसट आणि वर उचलल्यासारखी.

मी नाजूक सोनेरी फ्रेम निवडली. आईला खुर्चीत बसवलं. प्रिचर्डसाहेब शेजारी उभे राहून कौतुकानं बघत होते. आईनं डोक्यावर पदर घेतला, हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. मुलीच्या सासरी बसतात तशी बसली होती ती, मुलीच्या साहेबांसमोर. मला ते इतकं शोभून दिसलं की भरून आलं. मी वाकले, खूण केली. साहेब म्हणाले, "बिउटिफुली डन, नॅन्डा." नंदा हे नाव त्यांच्या तोंडात कधी नीट बसलं नाही.

चष्मा तयार होऊन आला. आईनं लावला, पोथी उघडली, घडाघडा वाचून दाखवली.

"कसा आहे?"

"छान आहे गं. अगदी छान. लख्ख दिसतं."

मी रात्री अरविंदला म्हटलं, "बघ, नाक ओढलं नाही मी."

त्यानंतर काही दिवसांनी आई माझा डबा घेऊन दुकानात आली. दुकानाच्या दाराला एक दगडी पायरी होती. शीला खिडकीशी फ्रेम पुसत होती. आई आत आली आणि शीलाकडे बघून हसली. मी ओळख करून दिली.

"शीला?" आई म्हणाली. "आपल्यातली आहे का गं?"

"नाही गं आई. त्यांच्यातही असतं हे नाव."

"असू दे. आपलंच आहे नाव."

एवढ्यात आतला फोन वाजला. मी काचेच्या पार्टिशनमागे गेले. फोनवर आमच्या काचा घासून देणाऱ्या लॅबमधला कुणी माणूस बोलत होता, आणि मला काचेतून बाहेरचं दिसत होतं. शीलानं आईच्या चष्म्याकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. आईनं मान वळवून मी कुठे आहे ते पाहिलं. मग शीलाकडे सरकली. एक तळवा आडवा धरून तिनं पायरी दाखवली. मग तो तळवा हळूच वर उचलला, जमीन अशी वर येते म्हणून. मग चष्मा काढून दाखवला, पायानं चाचपून दाखवलं, आणि परत लावला. शेवटी तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या दिशेनं डोळ्यांनी खूण केली.

दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. माझ्या आईनं माझ्यापासून लपवलेली गोष्ट शीलाला सांगितली होती. लॅबचा माणूस फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता. मला त्या क्षणी शीलाचा इतका राग आला की चष्मा चुकला आहे हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

बाहेर आले तर आई म्हणाली, "काही नाही गं, गप्पा मारत होतो."

शीला मात्र आडपडदा ठेवणाऱ्यातली नव्हती. "लाइन खूप वर आलीय, डिअर. दारातून येताना पाहिलं ना मी, पायरीशी चष्मा काढला तिनं. तू मापं घेतलीस तेव्हा ती कशी बसली होती?"

मी सांगितलं. सांगताना माझ्याच ध्यानात आलं. मान वर झाली की रेघही वर जाणार, आणि आई आयुष्यात कधी मान खाली घालून चालली नव्हती. हे जगात कुणाला ठाऊक असेल तर मला. आणि मी मात्र तिची खाली घातलेली मान बघून खूश झाले होते.

प्रिचर्डसाहेब सँडविच घेऊन तिथेच घुटमळत होते. शीला त्यांना म्हणाली, "मिस्टर पी, तुम्ही ते पार्कात जाऊन खा बरं आज." ते मुकाट्यानं गेले. साहेब दाराबाहेर पडले तसा आईच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. शीलानं एक तपकिरी जाड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, कानामागे बोट घातलं, आणि तिला खुर्चीत बसवलंच नाही. हाताला धरून दुकानात फिरवली, बाहेर पेव्हमेंटवर पोस्टाच्या पेटीपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर आई हनुवटी वर करून उभी राहिली, मुख्याध्यापिकेसारखी, आणि ही उंच बाई तिच्यासमोर गालिच्यावर गुडघे टेकून बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका पातळीला आले. तिनं खूण केली. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मी डबा हातात धरून उभी होते. त्यात माझ्या आवडीची वांग्याची भाजी होती. दुपारी ती शीलानं पण खाल्ली.

तपकिरी चष्मा उत्तम झाला. आई जिने धडाधड उतरायला लागली. परत जाताना दोन्ही चष्मे घेऊन गेली. मग दर रविवारी फोन. "बरी आहेस ना? जेवतेस ना? आणि आपली शीला कशी आहे? तिला विचारलंय म्हणून सांग." आपली! मी सोमवारी कामावर जायचे, शीला विचारायची, "आई काय म्हणतेय?" आणि मी म्हणायचे, "ठीक आहे." निरोप मी कधी दिला नाही. मुद्दाम नाही दिला, आणि त्याचं मला अजून काही वाटत नाही. सगळंच तिला का मिळावं?

दोन वर्षांनी साताऱ्याला गेले. भावाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दार आईनं उघडलं आणि तिच्या नाकावर माझा सोनेरी चष्मा! मला आकाश ठेंगणं झालं. तिथे होते तेवढे दिवस तिनं तोच लावला. जिना उतरताना माझा हात घट्ट धरायची. मला वाटायचं, लेक आली म्हणून लाडानं धरते. नंतरच्या प्रत्येक खेपेला हेच. तपकिरी चष्मा मला कधी दिसलाही नाही. त्या पहिल्या खेपेहून परत आल्यावर मी शीलाला अगदी नाकावर टिच्चून सांगितलं, "आई अजून माझाच चष्मा वापरते हं. गोल्ड वन."

शीलानं हातातली फ्रेम खाली ठेवली. क्षणभर माझ्याकडे बघितलं. "डझ शी, डिअर?" ती म्हणाली. "दॅट्स नाइस." आणि परत कामाला लागली. मला वाटलं, जळली.

आई गेली तेव्हा या वेळी मी पोचले. दिवस झाल्यावर वहिनी तिचं कपाट आवरत होती. तपकिरी चष्मा तिनं माझ्या हातात दिला. दांड्यांचं प्लॅस्टिक घामानं पांढुरकं झालेलं, पॉलिश उडालेलं, काचांवर चरे. रोजच्या वापरातली वस्तू होती ती.

"हा कधी वापरायची?"

"कधी म्हणजे? रोज, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुम्ही येणार असलात की आदल्या दिवशी तो सोनेरी काढायच्या डब्यातून. मी म्हणायची, सासूबाई, पडाल त्यानं. तर म्हणायच्या, पडत नाही, नंदा असते ना धरायला."

मी तो चष्मा घेऊन गॅलरीत जाऊन बसले. इतकी वर्षं मी जिंकले म्हणून मिरवत होते. आणि आई माझ्यासाठी आंधळ्यासारखी जिना उतरत होती. आईचा रागही आला. शीलाला तू खरं सांगितलंस, मला का नाही? मी काय मोडून पडले असते?

गिऱ्हाइकांच्या बाबतीत पुढे मला हे नीट कळलं. ज्याला आपल्याबद्दल काही वाटत नाही तो दारातूनच ओरडत येतो, की हा काय चष्मा केलाय. जीव लावणारी माणसं "छान आहे" म्हणतात आणि घरी जाऊन अडखळतात.

नव्वदचं दशक सरत आलं तशी परिस्थिती बदलली. शॉपिंग सेंटरमध्ये मोठाली चकचकीत दुकानं झाली, तासाभरात चष्मा देणारी. मिस्टर कॉब वारले. शीलाचे गुडघे गेले आणि ती निवृत्त झाली. खिडकीजवळचं तिचं टेबल मला मिळालं. त्यावर तिच्या कोपराच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. मला इतकी वर्षं तेच टेबल हवं होतं, आणि तिथे बसल्यावर पहिल्या दिवशी दारातून येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "शीला नाही आज?"

काही महिन्यांनी शीला स्वतः आली, गिऱ्हाईक म्हणून. तिला नवा बायफोकल हवा होता. माझ्यासमोर खुर्चीत बसली. मी फ्रेम निवडली, मापं घेतली, खूण केली. ती ताठ बसून राहिली. चष्मा तयार झाल्यावर घ्यायला आली. मी दांड्या तापवल्या, कानामागे बोट घातलं, वाकवल्या. एकदाच.

"कसा आहे?"

"लव्हली, डिअर. परफेक्ट." तिनं माझा हात थोपटला, पर्स उचलली आणि निघाली.

मी हवेत तरंगत होते. शीला परफेक्ट म्हणाली! मग खिडकीतून पाहिलं. ती दारातून बाहेर पडली, पायरीपाशी थांबली. चष्मा काढला. पायानं चाचपून पायरी उतरली. आणि पेव्हमेंटवर गेल्यावर चष्मा परत लावला.

मी तशीच बाहेर धावले. कोटसुद्धा घातला नाही.

"शीला, परत चल."

"का गं? काय झालं?"

"आत चल आणि मला खरं सांग."

"छान आहे ना, नॅन्डा, खरंच..."

"माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं. मेली तोवर सांगत होती." माझा आवाज रस्त्यात चढला होता. बेकरीतून लोक बघायला लागले. "तुला ठाऊक होतं. गोल्ड वन म्हणाले तेव्हाच तुला कळलं होतं. तूही नाही बोललीस."

"कशी बोलू?" ती म्हणाली. "किती आनंदात होतीस तू."

मी तिचा हात धरला आणि तिला पायरीवरून आत आणली. खुर्चीत बसवलं नाही. फिरवली, खिडकीपर्यंत, तिथून परत. उभी केली आणि समोर उभी राहिले. मी तिच्याहून बुटकी, म्हणून मिस्टर प्रिचर्डचं पाय ठेवायचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. आता आमचे डोळे एका पातळीला होते.

"हं. सांग."

तिनं खोल श्वास घेतला. "वेल," ती म्हणाली, "तू विचारतेसच म्हणून. लाइन वर आलीय. डावी दांडी टोचतेय. नाकावर एका बाजूला कलतोय, आणि ही फ्रेम मला मुळीच आवडलेली नाही, यात मी माझ्या आईसारखी दिसते. आणि तू अजूनही नाक ओढतेस."

"अजून?"

"मण्यांचं भांडं नीट तापू देत नाहीस. कधीच दिलं नाहीस."

मी स्टुलावरून उतरले. तिचा चष्मा हातात घेतला, भांड्याचं बटण दाबलं आणि मणी पुरते तापेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले. थांबता थांबता तिला आईचे निरोप सांगितले, इतक्या वर्षांचे सगळे.